घरी ओतलेले ११४० नेपोलियनकालीन सैनिक: गणेशोत्सवात देखावा कसा मांडावा?

राजवाडा_कोपरा (इंदूर)

नमस्कार. गेली सहा वर्षे मी घरीच साच्यांतून धातूचे सैनिक ओततो आणि हाताने रंगवतो. सगळे नेपोलियनच्या काळातले आहेत आणि उंची २८ मिलिमीटर. परवा मोजले तेव्हा ११४० भरले: फ्रेंच पायदळ ६१०, फ्रेंच घोडदळ १४०, लाल डगल्याचे इंग्रज पायदळ २२० आणि हिरव्या डगल्याचे रायफलधारी १७०. आमच्या वसाहतीच्या गणेशोत्सवात यंदा मंडपाशेजारची खोली मला देऊ केली आहे. तिथे १२ फूट लांब आणि ६ फूट रुंद टेबल मांडता येईल आणि त्यावर १८ जून १८१५ ची वॉटर्लूची लढाई मांडावी असा माझा मानस आहे. तीन गोष्टींवर मात्र मी अडलो आहे.

पहिली अडचण प्रमाणाची. एक बाहुला म्हणजे किती माणसे धरावीत, हा हिशेब मी कितीदा तरी केला, पण संपूर्ण रणांगण बसवू पाहिले की प्रत्येक पलटणीच्या वाट्याला जेमतेम दहा-बारा सैनिक येतात आणि ती पलटण न वाटता बसथांब्यावरची रांग वाटते.

दुसरी अडचण ओतकामाची. संगिनी अर्ध्यावरच तुटक येतात. त्यातच मागच्या वर्षी एका भंगारवाल्याकडून कथील म्हणून चार किलो धातू घेतला, आणि त्यातून ओतलेला प्रत्येक सैनिक अंगावर रवा चिकटल्यासारखा खरखरीत निघाला. त्याच्याकडे तक्रार केली तर त्याने माझ्या साच्यालाच दोष दिला. शिवाय पहिल्या वर्षी शिशाच्या मिश्रणातून ओतलेले काही सैनिक कपाटात होते, त्यांच्या पायांवर आता पांढरी भुकटी दिसू लागली आहे. पुसली तरी महिन्याभरात ती परत येते.

तिसरी अडचण रंगाची. गेल्या रविवारी गच्चीवर दोन टेबले जोडून चारशे फ्रेंच सैनिक मांडून पाहिले. जवळून प्रत्येकाची बटणे मोजता येतात, पण सहा फुटांवरून सगळा काळपट लोंढा दिसतो. माझ्या धाकट्या मुलीने जिन्यातूनच विचारले, "बाबा, तिथे मुंग्या लागल्या आहेत का?"

जाणकारांनी कृपया मार्गदर्शन करावे.

विश्वामित्री_काठ (बडोदे)

आपल्या तिन्ही अडचणींपैकी सर्वांत आधी त्या पांढऱ्या भुकटीकडे पाहावे, कारण बाकीच्या गोष्टींना वेळ आहे, तिला नाही. ती भुकटी म्हणजे शिशाचा कार्बोनेट, आपल्या रंगाऱ्यांच्या भाषेत सफेदा. पूर्वी सफेदा मुद्दामच बनवीत असत: शिशाचे पत्रे सिरक्याच्या वाफेत आणि कुजणाऱ्या शेणखताच्या उबेत महिनोन्‌महिने ठेवीत, म्हणजे त्यांच्यावर पांढरा थर चढे आणि तो खरवडून काढीत. आपले कपाट प्लायवुडचे आणि बंद काचांचे असणार असा माझा अंदाज आहे. ताजे लाकूड, प्लाय आणि काही डिंक यांतून सिरक्यातल्या आम्लाची सूक्ष्म वाफ सतत निघत असते आणि बंद कपाटात ती कोंडून राहते. म्हणजे आपण नकळत दिवाणखान्यात सफेद्याचा छोटा कारखानाच थाटला आहे.

ती भुकटी विषारी आहे, म्हणून कोरडी झटकू नये. हातमोजे घालून, ओल्या कापडाने, घराबाहेर पुसावी आणि ते कापड पिशवीत बंद करून टाकून द्यावे. जे सैनिक फार पोखरले गेले आहेत त्यांचा मोह सोडावा. उरलेल्यांना रंगाचा व वार्निशाचा पूर्ण थर द्यावा, तळपायाखालीसुद्धा, कारण बहुतेक जण तिथेच धातू उघडा ठेवतात. त्यांना काच आणि पत्र्याच्या, हवा खेळती असलेल्या मांडणीत ठेवावे. मंडपात लहान मुले हात लावणारच, तेव्हा शिशाचा एकही सैनिक देखाव्यात नसावा असे माझे स्पष्ट मत आहे.

आता धातू. खरखरीत सैनिक पाहून मला जस्ताचा संशय येतो. कथलात किंवा शिशात थोडे जरी जस्त मिसळले तरी रस दाट होतो, साच्याच्या कोपऱ्यांत शिरत नाही आणि पृष्ठभाग रवाळ येतो. घरच्या साधनांनी ते वेगळे काढणे जवळजवळ अशक्य आहे. ते चार किलो बाजूला ठेवावे, चांगल्या धातूत चुकूनही मिसळू नये, आणि ज्या पळीत ते वितळवले ती पळीही बदलावी. साच्याचा यात काहीही दोष नाही.

चांगले कथील आपल्या गावातच मिळेल. इंदूरच्या बर्तन बाजारात कल्हई करणारे असतील, त्यांना कथलाची कांडी मागावी. शुद्ध कथलाची सोपी परीक्षा अशी की बारीक कांडी कानाजवळ धरून हळूच वाकवली तर आतून कुरकुर ऐकू येते. वाकताना धातूच्या स्फटिकांची आतली रचना अचानक बदलते, त्याचा तो आवाज असतो. शिसे वाकवले तर मुकाट वाकते, वर कागदावर पेन्सिलीसारखी करडी रेघ ओढते. कथील २३२ अंश सेल्सिअसला वितळते, शिसे ३२७ ला. नुसते कथील मऊ पडते, म्हणून त्यात थोडे अँटिमनी असलेले शिसेविरहित मिश्रण घ्यावे. त्याने संगिनी ताठ राहतात.

संगिनी तुटक येण्याची कारणे बहुधा तीन असतात. साचा थंड असतो, आतली हवा बाहेर पडत नाही, किंवा रस पुरेसा तापलेला नसतो. थंड साच्यातले पहिले पाच-सहा सैनिक वाया जाणारच, ते पुन्हा पळीत टाकावेत आणि मनाला लावून घेऊ नये. साच्याच्या दोन्ही भागांना टाल्कम पावडर लावून फुंकून टाकावी, इतकी की हाताला लागेल पण डोळ्यांना दिसणार नाही. संगिनीच्या टोकापासून साच्याच्या कडेपर्यंत धारदार पात्याने केसाएवढी बारीक चीर पाडावी. हवेला वाट मिळाली की रस टोकापर्यंत जातो. चीर रुंद झाली तर रसही तिच्यातून निघून येतो आणि मग कानशीचे काम वाढते. रस तापला की नाही हे पाहायला मी कोरडी लाकडी काडी बुडवतो. ती हळूहळू तांबूस-काळी पडली तर रस तयार असतो, आणि लगेच काळीठिक्कर पडली तर जास्त तापलेला असतो.

काडी कोरडीच हवी, हे मुद्दाम लिहितो. वितळलेल्या धातूत पाण्याचा एक थेंब गेला तरी त्याची क्षणात वाफ होते आणि रस तोंडावर उडतो. पावसाळ्यात मी साचे आणि धातूच्या कांड्या दोन्ही आधी उन्हात किंवा दिव्याजवळ ठेवतो. डोळ्यांवर चष्मा, पायांत बूट आणि स्वयंपाकघरापासून लांब जागा, एवढे पथ्य मी मे महिन्याच्या उकाड्यातही मोडत नाही. स्वयंपाकाच्या भांड्यांचा इथे प्रश्नच येऊ नये.

महिदपूर_१८१७ (इंदूर)

प्रयत्न स्तुत्य आहे. पण माळव्यात बसून बेल्जियममधली लढाई कशासाठी? २१ डिसेंबर १८१७ रोजी होळकरांची फौज महिदपूरला क्षिप्रेच्या काठी लढली, तिचा देखावा कोणी करत नाही. गणपतीला येणाऱ्या मुलांना ते अधिक जवळचे वाटणार नाही का?

लष्कर_ग्वाल्हेर (ग्वाल्हेर)

महिदपूरचा देखावा व्हावा हे मलाही मनापासून वाटते, पण त्यासाठी तयार साचे मिळत नाहीत. मूळ बाहुले स्वतः घडवावे लागतील, त्यावरून उष्णता सोसणाऱ्या सिलिकॉनचे साचे काढावे लागतील, आणि हे काम गणेश चतुर्थीच्या आत होणारे नाही. (दुसऱ्याच्या विकत घेतलेल्या बाहुल्यावरून साचा काढणे हा आडमार्ग अनेक जण सुचवतील. तो बेकायदा तर आहेच, पण ज्याने ते मूळ शिल्प घडवले त्याच्या मेहनतीशी बेइमानीही आहे.) आणि वॉटर्लू आपल्याला अगदी परकी आहे असेही नाही. तिथे नेपोलियनला अडवणारा वेलिंग्टन हाच २३ सप्टेंबर १८०३ रोजी असईला शिंद्यांच्या कवायती पलटणींसमोर उभा होता. तेव्हा तो नुसता आर्थर वेलस्ली होता. देखाव्याच्या पाटीवर हे एक वाक्य लिहावे, इंदूरची मराठी मुले ते वाचून थबकतील.

आता प्रमाणाचा प्रश्न. आपला हिशेब चुकत नाही, आपण मागताय तेच अशक्य आहे. वेलिंग्टनकडे सुमारे ६८ हजार माणसे होती, नेपोलियनकडे सुमारे ७२ हजार, आणि संध्याकाळपर्यंत वेलिंग्टनच्या मदतीला प्रशियाचे आणखी सुमारे ५० हजार आले. वीस माणसांमागे एक बाहुला धरला तरी साडेनऊ हजार बाहुले लागतात. पण खरी अडचण संख्येची नाही, जमिनीची आहे. २८ मिलिमीटरचा बाहुला म्हणजे माणसाच्या उंचीचा सुमारे साठावा भाग. त्याच मापाने आपले १२ फुटांचे टेबल म्हणजे प्रत्यक्षातले सुमारे २२० मीटर आणि ६ फुटांची बाजू म्हणजे ११० मीटर. रणांगण होते जवळजवळ पाच किलोमीटर रुंद. दोन रांगांत उभी असलेली पाचशे माणसांची एकच इंग्रज पलटण सुमारे १४० मीटर जागा अडवते, म्हणजे आपले अर्ध्याहून अधिक टेबल तिनेच संपेल.

या विषयातला सर्वांत मोठा धडा विल्यम सायबोर्न या इंग्रज अधिकाऱ्याने घालून दिला आहे. वॉटर्लूच्या रणांगणाची मोजणी करण्यासाठी तो आठ महिने ला हे सँत या शेतवाडीत राहिला. मग त्याने लढाईत असलेल्या अधिकाऱ्यांना पत्रे लिहून विचारले की संध्याकाळी सातच्या सुमारास तुमची तुकडी नेमकी कुठे होती, समोर शत्रू कोणत्या रचनेत होता आणि शेतात कोणते पीक उभे होते. त्याची प्रतिकृती १८३८ मध्ये लंडनला लोकांसमोर आली. तिच्यात जेमतेम एक सेंटिमीटर उंचीचे सुमारे ७५ हजार कथली सैनिक आहेत आणि ती आज लंडनच्या नॅशनल आर्मी म्युझियममध्ये आहे. सगळे रणांगण दाखवायचे म्हणून त्याने सैनिक तेवढे लहान केले, आणि वेळ मात्र एकच धरली. प्रशियाच्या फौजेची जागा त्याने जिथे दाखवली ती वेलिंग्टनच्या बाजूच्या लोकांना पटली नाही, हा वाद वेगळा. पण देखावा म्हणजे एक घटका आणि एक जागा, हे त्याला कळले होते. आपले सैनिक मोठे आहेत, म्हणून आपली जागा लहान हवी.

माझी सूचना अशी की संपूर्ण वॉटर्लू सोडून द्यावी आणि फक्त ला हे सँत मांडावे, तेही एक बाहुला म्हणजे एक माणूस या प्रमाणात. ही शेतवाडी शार्लरुआहून ब्रसेल्सला जाणाऱ्या रस्त्याला लागून होती: मध्ये अंगण, भोवती घर, तबेले आणि धान्याचे कोठार, दक्षिणेला फळबाग, उत्तरेला भाजीचा मळा. तिचे रक्षण मेजर गेओर्ग बारिंग याच्या हाताखालची किंग्ज जर्मन लीजनची, म्हणजे इंग्रज फौजेतल्या जर्मन सैनिकांची, दुसरी हलकी पलटण करत होती. माणसे सुमारे चारशे, डगले हिरवे, हातात बेकर रायफली. नंतर मदतीला लाल डगल्याची एक तुकडी आली आणि नासाऊ या जर्मन संस्थानाचे सुमारे दोनशे सैनिकही आले. रायफलींची काडतुसे वेगळी असत. बारिंगने वारंवार मागणी करूनही ती आली नाहीत आणि संध्याकाळी सहाच्या सुमारास वाडी पडली. तेव्हा त्याच्यासोबत लढण्याजोगी ४२ माणसे उरली होती.

आपल्याकडे हिरवे १७० आहेत, म्हणून सकाळची नव्हे, माणसे कमी झाल्यानंतरची, कोठाराला आग लागली ती वेळ निवडावी. नासाऊच्या सैनिकांच्या पाठीवर स्वयंपाकाचे मोठे पातेले बांधलेले असे. बारिंगने ते एकाच्या पाठीवरून ओढून काढले, अंगणातल्या तळ्यातले पाणी भरले आणि आगीवर ओतले. बाकीच्यांनीही तसेच केले. तळे, पातेली, धूर, भिंतींच्या जंग्यांतून डोकावणाऱ्या रायफली आणि बाहेर तीन बाजूंनी आपले सहाशे फ्रेंच: गणपतीला आलेल्या माणसाला लढाई ठाऊक नसली तरी हे कळेल. घोडदळ पश्चिमेच्या कडेला ठेवावे, कारण त्या दुपारी फ्रेंच घोडदळाचे हल्ले ला हे सँत आणि पश्चिमेची दुसरी शेतवाडी उगोमाँ यांच्या मधूनच गेले.

आजचे फोटो पाहून जमीन करू नये. १८२६ मध्ये पूर्ण झालेल्या सिंहाच्या टेकाडासाठी, म्हणजे तिथल्या स्मारकासाठी, तिथली माती खणून नेली आहे, त्यामुळे वेलिंग्टनची फौज उभी होती ती टेकडी आता तेवढी उंच राहिलेली नाही. आदल्या रात्रभर पाऊस पडला होता, म्हणून रस्ता चिखलाचा हवा आणि शेतातले राय (गव्हासारखे धान्य) तुडवलेले हवे. आपल्याकडच्या आषाढातल्या काळ्या मातीइतका काळा चिखल मात्र करू नये.

कुंचला_शून्य (इंदूर)

मी मूर्तींचे रंगकाम करते, लहान सैनिकही रंगवते, म्हणून फक्त तिसऱ्या प्रश्नावर लिहिते.

दादा, तुमच्या मुलीने अचूक सांगितले. देखावा बटणांसाठी नसतो. तो चार-पाच फुटांवरून पाहिला जातो, आणि त्या अंतरावर डोळ्याला फक्त उजेड-काळोखाचा फरक कळतो. फ्रेंच डगल्याचा निळा मुळात गडद असतो, आणि लहान बाहुल्यावर तोच रंग आणखी गडद दिसतो, कारण एवढ्याशा पृष्ठभागावरून पुरेसा उजेड परतत नाही. म्हणून बाटलीतला निळा जसाच्या तसा वापरू नका, तो दोन पायऱ्या फिका करा. जवळून थोडा खोटा वाटेल, टेबलावर बरोबर दिसेल.

त्यानंतर सगळा जोर पांढऱ्यावर द्या. छातीवरचे पट्टे, पायदळाची ओळख लांबून त्यांनीच होते. पाठीवरची पिशवी तांबूस, तिच्यावर गुंडाळलेला डगला करडा, आणि टोपीवरचा गोंडा शक्य तेवढा चटक. डोळे रंगवू नका. कपाळ, नाक आणि गालाची हाडे यांवर एक फिका हात पुरे. शंभर सैनिकांचे डोळे रंगवायला लागतो त्या वेळात तुमचे सगळे पट्टे होतील.

इंग्रजांबद्दल एक बारकावा. साध्या शिपायाचा डगला मंजिष्ठासारख्या झाडाच्या मुळांपासून काढलेल्या रंगाचा, म्हणजे विटकरी लाल असे. अधिकाऱ्याचा मात्र झगझगीत किरमिजी असे, कारण तो कीटकांपासून मिळणाऱ्या महाग रंगाचा असे. दोनशे शिपायांना विटकरी आणि चार अधिकाऱ्यांना झगझगीत लाल दिलात, तर पाहणाऱ्याला कारण कळणार नाही, पण अधिकारी कुठे आहे हे त्याला आपोआप सापडेल. आणि सगळ्यांच्या पायांना गुडघ्यापर्यंत चिखलाचा पातळ हात द्या, कवायतीतले स्वच्छ पाय तिथे शोभणार नाहीत.

काम उरकण्यासाठी मी आइस्क्रीमच्या काडीवर दहा सैनिक चिकटवते आणि एका बसणीत एकच रंग हातात घेते. आज दोनशे पिशव्या, उद्या दोनशे पट्टे. कंटाळवाणे आहे, पण रंग सगळीकडे सारखा येतो. रंगवण्याआधी सैनिक साबणाच्या पाण्याने धुवा. साच्यातली टाल्कम पावडर अंगावर राहिली तर रंग पापुद्र्यासारखा निघतो. फवाऱ्याचे वार्निश श्रावणातल्या दमट संध्याकाळी मारू नका. मी एकदा मारले, दीडशे सैनिकांवर धुके पसरल्यासारखा पांढुरका थर आला, आणि ते सगळे हाताने पुन्हा करावे लागले.

राजवाडा_कोपरा (इंदूर)

सर्वांचे मनापासून आभार. काल संध्याकाळी बर्तन बाजारात जाऊन आलो. कल्हईवाल्या काकांकडून कांडी घेतली आणि तिथेच कानाला लावून वाकवली. ती खरोखर कुरकुरली. काकांनी माझ्याकडे पाहून विचारले की टेलिफोन लागला का. कांडी अर्धा किलोची पुरे झाली, अँटिमनीचे मिश्रण येईपर्यंत त्यावर साचे तपासून घेईन. चीर पाडल्यावर आज सकाळी सलग नऊ संगिनी टोकापर्यंत आल्या.

शिशाचे सैनिक मी कपाटातून काढले. एकूण ८६ निघाले, त्यांतले ३१ टाकून द्यावे लागले. त्यांत मी ओतलेला पहिला सैनिकही होता.

ला हे सँतची कल्पना आमच्या मंडळात सर्वांना आवडली. भिंती मी थर्माकोलवर प्लास्टर लावून करत आहे. एक शंका उरली आहे. कोठाराला पश्चिमेकडे शेतात उघडणारे मोठे दार होते असे नकाशावरून दिसते. ते फळ्यांचे करावे की लोखंडी पट्ट्यांचे, आणि त्या वेळी बंद दाखवावे की तुटलेले?

लष्कर_ग्वाल्हेर (ग्वाल्हेर)

ते दार करूच नये. आदल्या रात्री पावसात भिजलेल्या बारिंगच्याच बाजूच्या सैनिकांनी शेकोटीसाठी ते तोडून जाळले होते. दुसऱ्या दिवशी फ्रेंच सर्वांत जास्त त्याच उघड्या तोंडावर चालून आले आणि बारिंगच्या माणसांना तिथे पडलेल्या प्रेतांच्या आडून लढावे लागले. चौकट उभी करावी, आणि तिच्याजवळ विझलेल्या शेकोटीची थोडी राख टाकावी.